आईचं खाकरणं

सकाळी सहाला गजराच्या आधी आईचं खाकरणं ऐकू यायचं, एकदा, दोनदा, मग चहा होईपर्यंत चालूच. तीस वर्षं शाळेत शिकवलेला आवाज, आणि शेवटची दोन वर्षं तिसऱ्या तासालाच बसायचा. खडीसाखर, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, कफ सिरपच्या बाटल्या, सगळं करून झालं. छातीत जळजळ कधीच नाही, त्यामुळे पित्ताचं नाव कोणी काढलंच नाही.

शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. स्वरयंत्राचा मागचा भाग लाल, सुजलेला. पण डॉक्टर लगेच म्हणाल्या, नुसत्या लालीवर निदान करत नाही, धडधाकट माणसातही अशी लाली दिसते. मग 9 प्रश्नांचा कागद भरून घेतला, आवाज बसतो का, खाकरावं लागतं का, घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं का, प्रत्येकाला 0 ते 5 गुण, बेरीज 13 च्या वर गेली की पोटातलं पित्त घशापर्यंत येत असल्याचा संशय घ्यायचा. आईचे 24.

पोटातून वर येतं ते नुसतं आम्ल नसतं, त्यात पेप्सिन असतं, प्रोटीन पचवणारं. अन्ननलिका ते बरंच सोसते, स्वरयंत्राचं अस्तर नाजूक, तिथे थोडं लागलं तरी सूज. म्हणून छाती शांत आणि घसा बेजार. त्यात खाकरलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सूज वाढते आणि परत खाकरावंसं वाटतं.

ॲसिडिटीची गोळी मिळाली, पण आई ती नाश्त्यानंतर घ्यायची, खरंतर गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि अर्ध्या तासाने खायचं. आणि गोळीवरच सगळी भिस्त ठेवू नका हे मला मनापासून सांगायचंय. ब्रिटनमध्ये घशाचा त्रास असलेल्या 346 जणांवर अभ्यास झाला, 2021 साली छापून आला, 16 आठवडे लॅन्सोप्रॅझोल ही ॲसिडिटीची गोळी घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे, दोघांत फारसा फरक नाही. गोळीने गुण येत नसेल तर महिनोन्‌महिने चालू ठेवण्यापेक्षा 24 तासांची तपासणी विचारा, नाकातून बारीक नळी आणि कमरेला छोटं यंत्र, पोटातलं खरंच कितीदा वर येतं ते कळतं.

आमच्याकडे फरक पडला तो जेवणाच्या वेळेने. साडेनऊचं जेवण साडेसातला आणलं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, झोपताना डावी कूस, खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी.

आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच असेल तर मात्र पित्त समजून घरी बसू नका, तंबाखू, मिश्री, विडी असेल तर आधी दुर्बीण.

तीन महिन्यांनी आईचे गुण 9 वर आले. लग्नाची उशिराची पंगत झाली की दुसऱ्या दिवशी आवाज अजून बसतो, मग ती फोन उचलत नाही, मेसेज टाकते.