24 नौसैनिक: आरोपी की युद्धकैदी?

25 नोव्हेंबर 2018. ओडेसाहून निघालेल्या युक्रेनच्या नौदलाच्या तीन बोटी अझोव समुद्रावरच्या मारिउपोल या आपल्याच बंदराकडे चालल्या आहेत. बर्द्यान्स्क आणि निकोपोल या दोन छोट्या गनबोटी, सोबत यानी कापू ही टग, म्हणजे इतर जहाजं ओढणारी बोट. वाटेत काळ्या समुद्रातून अझोवमध्ये नेणारी केर्चची सामुद्रधुनी, आणि तिच्यावर रशियाने त्याच वर्षी खुला केलेला पूल. त्या पुलाच्या कमानीखाली रशियाने एक जहाज आडवं घातलं. वाटच बंद!

सकाळीच डॉन या रशियन तटरक्षक जहाजाने टगला धडक दिली होती. या धडकेचं चित्रीकरण डॉनवरूनच झालेलं आहे. टगवर चालून जाताना सुटलेले हुकूम आणि शिव्या त्यात स्वच्छ ऐकू येतात. संध्याकाळी बोटी माघारी वळल्या, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला. काही जण जखमी झाले, बोटींसह 24 जण धरले गेले.

युक्रेनने दहा प्रांतांत लष्करी कायदा पुकारला. रशियाने मात्र बेकायदा सीमा ओलांडल्याचा साधा फौजदारी गुन्हा नोंदवला. मॉस्कोच्या कोर्टात, काचेच्या पिंजऱ्यातून नौसैनिक सांगत राहिले: आम्ही युद्धकैदी आहोत, जबाब देणार नाही.

आता हॅम्बुर्गला चला. तिथल्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणात हेच दोन देश नेमकी उलटी बाजू मांडताना दिसतात. सागरी कायद्याच्या कराराचं कलम 298 लष्करी कारवायांचे वाद न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा देतं आणि रशियाने ती घेतलेली. म्हणून रशिया लेखी कळवतो, ही लष्करी बाब आहे. सुनावणीला तर तो फिरकतही नाही. युक्रेन म्हणतो, छे, ही पोलिसी कारवाई. रशियानेच गुन्हा नोंदवलाय ना? वकिली म्हणून दोन्ही चाली चोख. पण तुरुंगात बसलेल्याने काय समजायचं?

त्याच्यासाठी युद्धकैद्यांविषयीचा जिनिव्हा करार जास्त कामाचा. दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाला, की तो लागू होतो. युद्ध पुकारलेलं असो वा नसो, एक बाजू ते नाकारो. गोळ्या झाडून दुसऱ्या देशाचे गणवेशातले सैनिक धरले, तर ते युद्धकैदीच, असं आम्हाला वाटतं.

25 मे 2019 रोजी न्यायाधिकरणाने 19 विरुद्ध 1 मतांनी जहाजं आणि माणसं सोडायला सांगितलं. विरोधी मत रशियन न्यायाधीशांचं. माणसं सुटली ती सप्टेंबरमध्ये, कैद्यांच्या अदलाबदलीत. बोटी नोव्हेंबरमध्ये आल्या. दिवे, सॉकेट, अगदी संडासाची भांडीसुद्धा काढून नेल्याची तक्रार युक्रेनच्या नौदलप्रमुखांनी केली. रशियाने ती फेटाळली.

युक्रेनचा मूळ दावा मात्र वेगळ्या लवादापुढे, म्हणजे पंचांपुढे, चालूच राहिला. जून 2022 मध्ये लवाद म्हणाला, अटकेनंतर जे झालं ते लष्करी नव्हे. त्याआधीचं लष्करी कुठपर्यंत, हे पुढे ठरवू. तोवर रशियाने मारिउपोल घेतलं होतं.