‘शुड’चं ‘शॅल’ झालं त्याची गोष्ट

(पडद्यावर: हेगचा पीस पॅलेस, संध्याकाळ, टॉवरमागे आभाळ काळवंडतंय)

2 मार्च 1999. नेदरलँड्समधलं हेग शहर. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जर्मनीचा अर्ज येऊन पडतो, थेट अमेरिकेच्या विरोधात. वॉल्टर लाग्रांड नावाच्या जर्मन नागरिकाला उद्या ॲरिझोनात मृत्युदंड देणार आहेत, तो थांबवा, एवढीच मागणी. त्याचा भाऊ कार्ल, त्याला आठवड्याभरापूर्वीच, 24 फेब्रुवारीला मारून झालंय.

1982 मधला बँक दरोड्याचा प्रयत्न, त्यात मॅनेजरचा खून. गुन्ह्याबद्दल वाद नव्हताच, मुद्दा वेगळा होता. परदेशी माणसाला अटक केली की त्याला लगेच सांगावं लागतं, बाबा रे, तुझ्या देशाच्या वकिलातीशी बोलायचा तुला हक्क आहे. 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36, आणि अमेरिका त्या करारात आहे. पण लाग्रांड भावांना हे अधिकृतपणे कळवलं कधी, तर डिसेंबर 1998 मध्ये, म्हणजे अटकेनंतर जवळपास सतरा वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी कोर्टाने सुनावणीच घेतली नाही, वेळच नव्हता. सुनावणीशिवाय असा अंतरिम आदेश या कोर्टाने त्याआधी कधी काढला नव्हता. अध्यक्ष स्टीफन श्वेबेल स्वतः अमेरिकन, त्यामुळे या केसपुरते त्यांच्या जागी श्रीलंकेचे उपाध्यक्ष वीरमंत्री बसले आणि संध्याकाळी ऑर्डर निघाली, की अंतिम निकाल लागेपर्यंत वॉल्टरला मारलं जाऊ नये यासाठी अमेरिकेने हातात असलेले सगळे उपाय करावेत. इंग्रजीत शब्द होता ‘शुड’. हा शब्द लक्षात ठेवा.

अमेरिकेच्या सॉलिसिटर जनरलने आपल्याच सुप्रीम कोर्टाला पत्र पाठवून सांगितलं की हा आदेश बंधनकारक नाही. परराष्ट्र खात्याने ऑर्डरची कॉपी ॲरिझोनाच्या गव्हर्नरकडे धाडली, सोबत शिफारस नाही की विनंती नाही, नुसतं फॉरवर्ड. आणि त्याच दिवशी वॉल्टर लाग्रांडला गॅस चेंबरमध्ये संपवलं.

(थोडी शांतता. मग कागद उलटल्याचा आवाज)

आता चीड आणणारी गोष्ट अशी की अमेरिकेचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. कोर्ट ज्या नियमावर चालतं त्याच्या कलम 41 मध्ये लिहिलंय की कोर्ट अंतरिम उपाय ‘इंडिकेट’ करू शकतं. इंडिकेट म्हणजे काय, सुचवणं? दाखवून देणं? हुकूम देणं तर नाही ना! इंग्रजी मजकुरात सगळाच मवाळ सूर, फ्रेंच मजकुरात मात्र ते उपाय ‘केलेच पाहिजेत’ असा अर्थ निघतो. 1920 पासून हे असंच पडून होतं, प्राध्यापक लोक त्यावर लेख लिहायचे, आणि कोर्ट स्वतः कधी स्पष्ट बोललंच नाही.

जर्मनीने केस सोडली नाही. माणूस गेला तरी भांडत राहिले. 27 जून 2001 ला निकाल आला, आणि त्यात जज्जांनी साधा सरळ विचार केला, की दोन भाषांमधले मजकूर जुळत नसतील तर मुळात हे कलम कशासाठी आहे ते बघू. भांडण मिटवणं हे कोर्टाचं काम, आणि ज्याच्यावरून भांडण आहे तीच गोष्ट मधल्या काळात कुणी संपवून टाकली तर मग निकाल द्यायचा कशावर? म्हणून अंतरिम आदेश बंधनकारक आहेत. 13 विरुद्ध 2.

बघा काय झालं ते. नियमातला एकही शब्द बदलला नाही, एकाही देशाने नव्या कागदावर सही केली नाही, कुठल्या संसदेत मतदान नाही, आणि कायदा 26 जूनला एक होता तो 27 जूनला दुसरा झाला. कोर्ट अर्थात म्हणणार की छे, तो आधीपासून असाच होता, आम्ही फक्त नीट वाचला. सगळीच कोर्टं असं म्हणतात.

आणि म्हणायलाच लागतं, कारण कागदावर या जज्जांना कायदा करायचा अधिकारच नाही. कोर्टाच्या त्याच नियमातलं कलम 59 सांगतं की निकाल फक्त त्या दोन देशांवर आणि फक्त त्या केसपुरता बंधनकारक. कलम 38 मध्ये कायदा कुठून येतो याची यादी आहे, आधी करार, मग देशांच्या वागण्यातून पडलेली प्रथा, मग कायद्याची सर्वमान्य तत्त्वं, आणि कोर्टाचे निकाल कुठे, तर अगदी शेवटी, कायदा शोधायचं ‘दुय्यम साधन’ म्हणून. थोडक्यात जज्जांना पंगतीत शेवटचं पान. पण प्रत्यक्षात हेगमध्ये उभा राहणारा वकील बोलायला लागला की पहिल्या दोन मिनिटांत कोर्टाचाच जुना निकाल काढतो, आणि कोर्टही आपल्याच जुन्या परिच्छेदांचे नंबर देत पुढे जातं.

त्याचं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे.

(पडद्यावर: मे 2017, कोर्टाचं मोठं दालन, दोन्ही बाजूंना वकील)

एप्रिल 2017 मध्ये पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने कुलभूषण जाधव यांना फाशीची शिक्षा सुनावल्याचं जाहीर झालं. भारताला त्यांची भेट, म्हणजे कॉन्सुलर ॲक्सेस, दिलेलाच नव्हता. 8 मे ला भारत हेगला गेला, मुद्दा तोच, कलम 36. 18 मे ला आदेश आला, एकमताने. वाक्य जवळजवळ 1999 चंच आहे, अंतिम निकाल लागेपर्यंत जाधव यांना फाशी होऊ नये यासाठी पाकिस्तानने हातातले सगळे उपाय करावेत. फरक एका शब्दाचा. ‘शुड’ जाऊन ‘शॅल’ आलंय. करावेत नाही, करावेच लागतील. आणि आमचे असे आदेश बंधनकारक असतात हे सांगताना कोर्टाने हवाला कुणाचा दिला, तर लाग्रांडचा.

17 जुलै 2019 चा अंतिम निकाल 15 विरुद्ध 1 होता. शिक्षा रद्द झाली नाही, सुटकाही नाही (भारताने दोन्ही मागितलं होतं, हे आपल्याकडच्या जल्लोषात जरा बाजूला राहिलं). मिळालं ते असं की करार मोडलाय, वकिलातीला भेटू द्या, आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. हा ‘फेरविचार’सुद्धा जुन्याच केसमधून आलाय, लाग्रांडमध्ये सुरू झालेला आणि 2004 मध्ये अमेरिकेतल्या मेक्सिकन कैद्यांच्या केसमध्ये पक्का झालेला. त्या मेक्सिकन केसनंतर अमेरिकेने काय केलं? मार्च 2005 मध्ये असले दावे हेगला नेण्याचा जो जोडकरार होता त्यातूनच अंग काढून घेतलं. हरलो, तर मैदानच नको.

जज्जांची चूक झाली तर काय होतं तेही बघायला हवं. इथून गोष्ट मागे जाते, 1966 मध्ये.

दक्षिण आफ्रिकेने आजच्या नामिबियात, तेव्हाच्या दक्षिण-पश्चिम आफ्रिकेत, वर्णभेद लादला होता. इथिओपिया आणि लायबेरियाने 1960 मध्ये दावा लावला. सहा वर्षं चालला, आणि जुलै 1966 मध्ये कोर्ट म्हणालं की तुमचा यात संबंध काय, तुमचं वैयक्तिक काय बिघडलं? मतं पडली 7-7, आणि अध्यक्ष पर्सी स्पेंडर यांच्या निर्णायक मताने दावा बाद झाला. सहा वर्षांनंतर सांगतात की तुम्ही दारातच चुकलात! आफ्रिका-आशियातले देश असे भडकले की पुढे बरीच वर्षं ते या कोर्टाकडे फिरकायला तयार नव्हते.

चार वर्षांनी, फेब्रुवारी 1970 मध्ये, एक रटाळ केस निकालाला आली. बार्सिलोना ट्रॅक्शन. कॅनडात नोंदलेली कंपनी, स्पेनमध्ये वीजपुरवठा, शेअरहोल्डर बेल्जियमचे, आणि बेल्जियम स्पेनवर दावा करतंय. बेल्जियम हरलं, विषय संपला. पण त्याच निकालाच्या परिच्छेद 33 मध्ये जज्जांनी जाता जाता एक गोष्ट लिहून ठेवली, जिची त्या केसला काडीची गरज नव्हती. काही कर्तव्यं अशी असतात की ती एका देशाची दुसऱ्या देशाशी नसतात, सगळ्या जगाशी असतात, आणि ती पाळली जावीत यात प्रत्येक देशाचा कायदेशीर हितसंबंध असतो. पुढच्याच परिच्छेदात उदाहरणं, आक्रमण, वंशसंहार, गुलामगिरी, वंशभेद. लॅटिनमध्ये ‘अर्गा ओम्नेस’. माझं मत विचाराल तर हा 1966 चा माफीनामाच आहे, फक्त वीज कंपनीच्या फाइलमध्ये लपवून ठेवलेला.

त्याचा उपयोग व्हायला अर्धशतक गेलं म्हणा ना. नोव्हेंबर 2019 मध्ये गांबियाने, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या देशाने, रोहिंग्यांच्या वंशसंहाराबद्दल म्यानमारवर दावा लावला. ना सीमा लागून, ना एकही गांबियन नागरिक तिथे मेलेला. म्यानमार म्हणालं की तुमचा संबंध काय, म्हणजे अगदी 1966 चाच प्रश्न, आणि यावेळी उत्तर उलटं आलं. जुलै 2022, 15 विरुद्ध 1, गांबिया दावा लावू शकतो.

दावा आणणारे गांबियाचे कायदेमंत्री अबुबकर तांबादू आधी रवांडाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात सरकारी पक्षाकडून काम केलेले. त्या न्यायाधिकरणाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

(पडद्यावर: टांझानियातलं अरुशा शहर, साधी ऑफिसची इमारत)

ताबा गावाचा मेयर, जाँ-पॉल अकायेसू, याच्यावर 1994 च्या वंशसंहाराचा खटला चालू होता. आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नाही. 1997 च्या सुरुवातीला एक साक्षीदार बाई बोलता बोलता सांगून गेली की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. तीन जज्जांमध्ये एकच बाई होती, दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्लै. जज्जांनी विषय तिथेच सोडला नाही, प्रश्न विचारले, मग आणखी साक्षी आल्या, आणि जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. 2 सप्टेंबर 1998 च्या निकालात आंतरराष्ट्रीय कायद्यातली बलात्काराची व्याख्या जज्जांनी स्वतः बसून लिहिली, कारण तोवर कुठे नव्हतीच, आणि एखादा समूह नष्ट करायच्या हेतूने केलेला बलात्कार हाही वंशसंहार असू शकतो हे ठरवलं. वंशसंहाराविरुद्धच्या 1948 च्या करारात ‘बलात्कार’ हा शब्दच नाही. तिथे तीन पुरुष बसले असते तर? उत्तर माहीत नाही, पण प्रश्न डोक्यातून जात नाही.

म्हणून तर खुर्चीत कोण बसतं यावर एवढी ओढाताण चालते. हेगच्या कोर्टात 15 जज, नऊ वर्षांची मुदत, आणि आमसभा आणि सुरक्षा परिषद दोन्हीकडे बहुमत लागतं. 2017 मध्ये भारताचे दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे ख्रिस्तोफर ग्रीनवुड शेवटच्या जागेसाठी अडले, आमसभा भंडारींकडे, परिषद ग्रीनवुडकडे, फेऱ्यांवर फेऱ्या, शेवटी ब्रिटनने माघार घेतली आणि 1946 नंतर पहिल्यांदाच कोर्टात ब्रिटिश जज उरला नाही.

बरं, जज्जांनी केलेलं सगळंच टिकतं असंही नाही. 1926 मध्ये लोटस नावाची फ्रेंच बोट तुर्की बोटीवर आदळली, आठ तुर्की माणसं गेली, आणि तुर्कस्तानने फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला भरला. पुढच्या वर्षी हेगच्या जुन्या, म्हणजे आजच्या कोर्टाच्या आधीच्या, कोर्टाने, इथेही 6-6 आणि अध्यक्षांचं निर्णायक मत, तुर्कस्तानचं बरोबर ठरवलं. मर्चंट नेव्हीवाल्यांना ते पटलं नाही, कुठल्याही बंदरात कॅप्टनला पकडतील ही भीती, आणि 1952 पासून देशांनी करार करून तो नियम उलटा फिरवला, आता तो समुद्र कायद्याच्या 1982 च्या कराराचं कलम 97 आहे. म्हणजे देशांनी मनावर घेतलं तर जज्जांना पुसून टाकता येतं. फक्त मनावर घ्यायला पंचवीस वर्षं लागली.

(पडद्यावर: 23 जुलै 2025, पीस पॅलेसबाहेर गर्दी)

2019 मध्ये वानुआतूत कायदा शिकणाऱ्या पोरांनी ठरवलं की हवामान बदलाचा प्रश्न हेगला न्यायचा. पोरं ती, कोण ऐकणार! पण वानुआतूच्या सरकारने उचलून धरलं, मार्च 2023 मध्ये आमसभेने मतदान न घेता ठराव केला, आणि 23 जुलै 2025 ला कोर्टाने सल्लागार मत दिलं, एकमताने. सल्लागार म्हणजे कागदावर कुणालाच बंधनकारक नाही. 1970 चे ते शब्द त्यातही आहेत. हवामान सांभाळायचं कर्तव्य, कोर्टाने म्हटलंय, अर्गा ओम्नेस आहे. वीज कंपनीच्या निकालात ते जाता जाता लिहिलं होतं, इथे ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आलंय.