आधी बसतं, मग उठतं

नमस्कार मंडळी.

पुनर्वसूचा तरणा पाऊस गेला, पुष्याचा म्हातारा लागला. आमच्या सिंधुदुर्गात लावणी उरकत आली. आता मागच्या दारी जावं तर परसात नुसती झुंबड. रविवारी बोटाएवढं दिसलेलं पडवळ गुरुवारी मांडवाखाली हातभर लोंबतंय. ते वळू नये म्हणून टोकाला सुंभाने दगड बांधतात. दगड सुपारीएवढा बास. मी एकदा उत्साहाने जड बांधला, तर पडवळ देठातून सुटून थेट अळवात.

शिराळ्याची, म्हणजे दोडक्याची, तक्रार मात्र घरोघरी: वेल फुलांनी भरलाय, फळ एक नाही. अहो, आधी येतात ती नर फुलं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलंसं शिराळं असतंच, तीच तिची खूण. ही फुलं उमलतात संध्याकाळी. नेमकी तेव्हा सर आली की पराग धुऊन जातो, किडे फिरकत नाहीत. मग दिवेलागणीला, पाऊस थांबला की नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलावर हलकेच टेकवायचं. भेंडीला असले लाड लागत नाहीत. ती एक दिवसाआड तोडा म्हणजे झालं, नाहीतर दोर खावे लागतील.

आणि पुढच्या दारी? कुणग्यातलं, म्हणजे खाचरातलं, भात पिवळं! लावून आठवडा झाला, बोटभरही वाढ नाही. इथेच आपला धीर सुटतो. आजी म्हणायची, "भात आधी बसता, मगे उठता." एक चूड, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांचा झुबका, उपटून बघा. तरवा, म्हणजे लावणीची रोपं, काढताना तुटलेली जुनी मुळं तपकिरी दिसतील आणि त्यांच्या वर नवी, पांढरीशुभ्र. रोप सध्या ह्याच कामात आहे. फुटवे त्यानंतर.

एका वर्षी मला हे दिसलं नाही. पिवळं बघून घाबरलो आणि वरून युरिया फेकला. रात्री धो धो सर आली. मेरेला, म्हणजे बांधाला, कुर्लीने (खेकड्याने) भोक पाडलेलं. पहाटे कुणग्यात पाणी नाही, युरियाही नाही. खालच्या कुणग्यातलं काकांचं भात मात्र पंधरा दिवसांत काळंभोर. काका अजून विचारतात, "यंदा खत कधी घालतंस?"

तेव्हापासून युरिया-डीएपीच्या गोळ्या घालतो. लावणी झाली की त्याच दिवशी, चार चुडांच्या मधोमध एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल चिखलात दाबून. कंबर मोडते, पण खत आपल्याच कुणग्यात राहतं.

मेर मात्र राखायलाच हवी. आज जेवणं झाल्यावर उघडीप मिळाली, तर बॅटरी घेऊन एक फेरी मारून या. भोक दिसायच्या आधी पाण्याचा आवाज येतो, तेव्हा गप्प चाला. कुर्ली हाताला लागलीच, तर उद्याच्या कालवणाची सोय झाली.