चक्कर कानातून येते तेव्हा

या बाईंच्या डोळ्यांकडे नीट पाहा. डॉक्टरांनी त्यांची मान उजवीकडे वळवून त्यांना झटकन आडवं केलंय. काही सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं झटके देत गोल फिरू लागतात. बाईंना सगळी खोली गरगरताना दिसते आहे. मिनिटभराच्या आत हे थांबेल.

ही कानातून येणारी अशी चक्कर ओळखण्याची डिक्स-हॉलपाइक तपासणी, १९५२पासून वापरात असलेली. तिला एक खाट आणि जाणती नजर पुरते.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. वय वाढलं किंवा डोक्याला मार बसला, की काही कण जागेवरून सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. डोकं वळतं तेव्हा नलिकेतला द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. पण आता डोकं थांबलं तरी कण घसरतच राहतात, द्रवाला ढकलत राहतात. मेंदूला वाटतं, आपण अजून फिरतोय. म्हणूनच कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचं काही काढताना ही चक्कर गाठते.

उपाय? ते कण परत जागी न्यायचे. अमेरिकेतले कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी त्यासाठी डोकं ठराविक क्रमानं वळवण्याची पद्धत शोधली आणि १९९२मध्ये ती सविस्तर मांडली. मान वळवून आडवं व्हायचं, डोकं दुसरीकडे फिरवायचं, मग त्या कुशीवर वळून नाक जमिनीकडे, आणि हळूच उठून बसायचं. प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट. अनेकांना पहिल्याच खेपेला आराम पडतो. कण पुन्हा सुटले, तर पुन्हा हेच करता येतं.

आणि तरीही कितीतरी माणसं महिनोन् महिने गोळ्यांवर काढतात, मानेच्या मणक्याला दोष देत. याचं फार वाईट वाटतं. गोळीनं मळमळ शमते, पण कण हलत नाहीत. उलट काही गोळ्या फार दिवस घेतल्या, तर मेंदूचं तोल सावरायला शिकणंच लांबतं.

अर्थात प्रत्येक चक्कर कणांची नसते. कानात आवाज, ऐकू कमी येणं आणि तासन् तास गरगरणं असेल तर मेनिएरचा आजार असू शकतो. दिवसेंदिवस न थांबणारी चक्कर तोलाच्या नसेला सूज आल्यानं येऊ शकते. अर्धशिशीतही चक्कर येते. यांचे उपचार निराळे.

मात्र चक्करीसोबत बोलणं अडखळलं, एकाच्या दोन वस्तू दिसल्या, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना, तर हा पक्षाघात असू शकतो. अशा वेळी घरी डोकं वळवत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.