टेक्निशियन सुट्टीवर गेला की त्याच्या जागी कोण?

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर आहेत, इथल्या जवळच्या महूच्या पशुवैद्यक कॉलेजातली मुलंमुली आहेत, घरी कुत्रा-मांजर असलेलीही बरीच जण दिसतायत, म्हणून सगळ्यांना कळेल असंच बोलते. प्राण्यांच्या दवाखान्यातला टेक्निशियन, कोणी त्याला पॅरावेट म्हणतं कोणी कंपाउंडर, तो आजारी पडला किंवा गावी लग्नाला गेला तर चार दिवस त्याच्या जागी कोण उभं राहतं, एवढाच माझा विषय.

बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. मग साफसफाईच्या मुलाला हाक मारतात, जरा धर रे म्हणून, आणि त्याला कुत्र्याच्या तोंडाला मझल, म्हणजे चावू नये म्हणून लावायची पट्टी, बांधता येत नाही, मांजर टॉवेलमध्ये कशी गुंडाळायची माहीत नाही, चावा त्याला बसतो. हे मला अजिबात मान्य नाही. आणि आपल्यामागे असं होणार हे माहीत असल्यामुळे टेक्निशियन सुट्टीच मागत नाही, दिवाळीत फटाक्यांनी घाबरलेली कुत्री, रंगपंचमीला गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, रंग चाटलेली, मे महिन्यात ऊन लागलेले पग, सगळं तो एकटा काढतो आणि एक दिवस नोकरीच सोडून देतो.

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये सुट्टीवरच्या माणसाच्या जागी असं बदली काम रीतसर चालतं. तिथे टेक्निशियन किंवा व्हेटरिनरी नर्सची परीक्षा असते, ब्रिटनमध्ये नर्सचं रजिस्टर आहे, म्हणून अनोळखी माणूस आला तरी त्याला काय येतं याचा अंदाज आधीच असतो. आपल्याकडे १९८४ चा पशुवैद्यक परिषदेचा कायदा आहे, त्याच्या कलम ३० प्रमाणे इलाज रजिस्टर्ड डॉक्टरनेच करायचा, पशुवैद्यकाचा डिप्लोमा केलेल्याला राज्य सरकारच्या परवानगीने लसीकरण, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग अशी छोटी कामं, तीसुद्धा डॉक्टरच्या देखरेखीखाली. म्हणजे डॉक्टरच बाहेरगावी जाणार असतील तर बदली टेक्निशियनवर दवाखाना सोडून चालणार नाही, बदली डॉक्टरच आणावा लागेल. यात गल्लत होते म्हणून मुद्दाम सांगतेय.

आता बदली टेक्निशियन मिळाला असं धरा. पहिल्याच दिवशी ऑपरेशनला कुत्री टेबलावर आहे, हिरड्या फिक्या पडायला लागल्यात, आणि याला अॅड्रेनलिन कुठल्या खणात आहे हेच ठाऊक नाही, जादा ऑक्सिजन सिलिंडर भरलेलं की रिकामं तेही नाही. त्याचं काम कितीही चांगलं असू दे, तिथे तो काय करणार? म्हणून एक कागद आधी लिहून ठेवा, इमर्जन्सीची औषधं कुठे, श्वासासाठी घशात घालायच्या ट्यूबचे साइज कुठे, वजनकाटा किलोत दाखवतो ना, कुठला पेशंट चावतो, रात्री फोन कोणाला करायचा. त्याला तासभर आधी बोलवा आणि त्या तासाचे पैसे द्या. केटामिन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या यादीतलं आहे, ते कुलपातच राहतं, त्याची किल्ली डॉक्टरकडेच असू दे, आणि शिफ्ट सुरू होताना आणि संपताना दोघांनी मिळून वायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, मोजून रजिस्टरवर सह्या करा, म्हणजे उद्या हिशेब चुकला तर नव्या माणसावर उगाच आळ येत नाही.

पार्वोचं, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या त्या जीवघेण्या संसर्गाचं, तर फारच सांभाळायला पाहिजे. बदली माणूस आज एका दवाखान्यात, उद्या दुसऱ्या, आणि हा व्हायरस बाहेर कित्येक महिने टिकतो, नुसत्या फिनाइलवर भरवसा नको, ब्लीचचं पाणी लागतं. त्याचे कपडे आणि चपला प्रत्येक दवाखान्याने आपल्याकडच्या द्याव्यात, नाहीतर तोच पिल्लांपर्यंत आजार पोचवेल आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

बदली माणसाला रेबीजची लस सगळ्यात आधी. चावा बसण्याआधीच घ्यायचा कोर्स तीन डोसचा, पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि मग २१ किंवा २८ व्या दिवशी. हिशेब करा, जवळजवळ महिना गेला. मग आज फोन करून उद्या माणूस कुठून मिळणार? म्हणूनच मी म्हणते की इंदूरच्या पाचसहा दवाखान्यांनी मिळून आत्ताच यादी करावी, डिप्लोमा झालेली मुलं शोधावीत, त्यांच्या लसीचा खर्च वाटून घ्यावा आणि प्रत्येकाला एकदोन दिवस सगळीकडे फिरवून आणावं.

पैशाचं स्पष्ट बोलू. बदली माणसाला पगारी सुट्टी नाही, पीएफ नाही, पुढच्या आठवड्यात काम असेल का ते माहीत नाही, तर त्याचा दिवसाचा दर कायमच्या माणसापेक्षा जास्तच हवा आणि त्याच संध्याकाळी हातात पडायला हवा. कायमच्या माणसाला मात्र भीती वाटते की हा आपली जागा घेणार, त्याची परत यायची तारीख आधीच कागदावर लिहून द्या.

मघाशी एकाने विचारलं की महूच्या इंटर्नना रात्री बसवलं तर स्वस्तात होईल का. नाही हो. इंटर्नशिप शिकण्यासाठी आहे, डॉक्टर शेजारी असतील तर जरूर बोलवा, त्यांना खूप शिकायला मिळेल, पण सलाइन लावलेल्या पिल्लापाशी रात्रभर एकटं बसवायचं नाही.