साडेतीन मिनिटांचा वाद

श्रोतेहो, नमस्कार.

१४ जुलै २०२४. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा पंधरावा टप्पा, पिरेनीजच्या डोंगरात. शेवटचा घाट प्लातो द बेय: जवळजवळ सोळा किलोमीटर लांब, आणि दर शंभर मीटरला साधारण आठ मीटर चढण. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारनं हा घाट चाळीस मिनिटांच्या आत संपवला. इथला आधीचा विक्रम १९९८ सालचा, इटलीच्या मार्को पांतानीचा. पोगाचार त्याच्यापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटं लवकर वर पोचला. त्या दिवशी हरलेला, दुसरा आलेला योनास विंगेगार्डसुद्धा पांतानीला दोन मिनिटांहून जास्त अंतरानं मागे टाकून गेला.

आता पांतानी कोण? ईपीओ नावाच्या बंदी असलेल्या औषधाच्या ऐन भराच्या काळातला रायडर. ईपीओनं रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, म्हणजे स्नायूंना प्राणवायू जास्त. १९९९ साली जिरो द'इटालिया ही इटलीची मोठी शर्यत जवळपास खिशात असताना त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि त्याला स्पर्धेबाहेर काढलं. अशा माणसाचा विक्रम कुणी साडेतीन मिनिटांनी मोडला, तर सायकलिंगचे चाहते त्या रात्री झोपणार कसे?

एक गट म्हणतो, हे स्वच्छ असूच शकत नाही. दुसरा म्हणतो, अहो, पंचवीस वर्षं मधे गेलीत! सायकली बदलल्या, टायर बदलले, अंगावरचे कपडे वाऱ्याच्या बोगद्यात तपासून शिवले जातात. आणि खाणं. पूर्वीचे रायडर शर्यतीत जेवढी साखर पोटात घालत, त्याच्या जवळपास दुप्पट, तासाला शंभर-एकशेवीस ग्रॅम कर्बोदकं आजचे रायडर पचवतात. हे सगळं खरं आहे. शिवाय त्या दिवशी विंगेगार्डच्या टीमनं घाटाच्या पायथ्यापासूनच भरधाव वेग ठेवला होता. शर्यत कशी खेळली गेली, यावरही वेळ ठरते.

मग येतात आकडेवाले. रायडरचं वजन, सायकलचं वजन, चढ आणि वेळ माहीत असेल तर किलोमागे किती वॉट ताकद लागली, याचा हिशेब मांडता येतो. उभ्या घाटावर हवेचा अडथळा कमी, म्हणून हिशेब बराच जवळ जातो. पण पाठीमागून वारा होता का, किती वेळ दुसऱ्याच्या आडोशानं चढला, खरं वजन किती, हे घरी बसून कळत नाही. दोन-चार टक्क्यांची चूक सहज होते, आणि भांडण नेमकं त्या दोन-चार टक्क्यांवरच असतं. पोगाचारची एकही डोपिंग चाचणी आजवर सदोष निघालेली नाही. नुसत्या घड्याळावरून कुणाला चोर ठरवणं मला पटत नाही.

पण संशय घेणाऱ्याला मत्सरी म्हणून उडवून लावणंही पटत नाही. याचं कारण या खेळाच्या इतिहासात आहे. मोठी प्रकरणं उघडकीस कुणी आणली, ते बघा.

१९९८ ची टूर सुरू व्हायला काही दिवस होते. फेस्टिना टीमचा मालिश करणारा मदतनीस विली व्हूट गाडी घेऊन बेल्जियमकडून फ्रान्समध्ये शिरत होता. गाडीत ईपीओसकट औषधांचा साठा. पकडला कुणी? सीमेवरच्या कस्टमवाल्यांनी. २००७ साली मिकाएल रासमुसेन पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे होता, टूर जिंकल्यात जमा होती. अचानक चाचणी घेता यावी म्हणून रायडरला आपला ठावठिकाणा कळवावा लागतो. चाचणीवाल्यांना त्यानं सांगितलं होतं की जूनमध्ये मी मेक्सिकोत होतो. एक टीव्ही समालोचक म्हणाला, छे, मी तर त्याला इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये सराव करताना पाहिला. त्याच्याच टीमनं त्याला घरी पाठवलं. आणि लान्स आर्मस्ट्राँग? सात टूर, शेकडो चाचण्या, आणि तोंडी एकच वाक्य, मी कधी पकडला गेलो नाही. २०१२ साली अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेनं त्याला गाठलं ते अकरा माजी सहकाऱ्यांच्या साक्षींवर.

कस्टम, समालोचक, सहकारी. डोपिंग चाचणीची लघवीची बाटली या यादीत फार वर येत नाही.

त्यातही बोलणाऱ्याचं काय झालं? क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच रायडर १९९९ च्या टूरमध्ये वृत्तपत्रात लिहीत होता की हा वेग संशयास्पद आहे. आर्मस्ट्राँगनं चालू शर्यतीत त्याला गाठून निघून जायला सांगितलं. बाकीच्यांनी त्याला वाळीत टाकलं. काही दिवसांत बासों खरंच घरी गेला. त्या वर्षी शंका घेणाऱ्या चाहत्यांनाही कडवट म्हणून हिणवलं गेलं होतं. शेवटी बरोबर कोण निघालं?

आणि नियम लावणारे? यूसीआय, म्हणजे सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना. पुण्याच्या ग्रँड टूरमुळे हे नाव आता आपल्याकडेही कानावर पडतं. एप्रिल २०२१, फ्लँडर्सची शर्यत. स्वित्झर्लंडच्या मिखाएल शेअरनं पाण्याची रिकामी बाटली रस्त्याकडेच्या प्रेक्षकांकडे टाकली. कचरा ठरवून दिलेल्या पट्ट्यातच टाकायचा, असा नियम नुकताच लागू झाला होता. शेअर शर्यतीतून बाद, त्याच दिवशी! मग त्यानं लिहिलं की लहानपणी टूर बघायला गेलो तेव्हा अशीच एक बाटली मिळाली आणि मी सायकलपटू झालो. पुढे शिक्षा सौम्य झाली म्हणा.

आता टूर जिंकलेल्या ब्रिटनच्या ख्रिस फ्रूमकडे या. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याच्या नमुन्यात दम्याचं औषध सालब्युटामॉल मर्यादेच्या दुप्पट निघालं. हे जगाला कळलं डिसेंबरात, तेही वृत्तपत्रांनी फोडल्यावर. निकाल लागेतो तो शर्यतीत उतरू शकत होता, मे महिन्यात त्यानं जिरो जिंकलीसुद्धा. निर्दोष असल्याचा निकाल आला २ जुलै २०१८ ला, टूर सुरू होण्याच्या पाच दिवस आधी. निकाल बरोबर असेलही. पण डिसेंबर ते जुलै लोकांनी काय समजायचं? बाटलीला एक दुपार पुरते, औषधाला नऊ महिने लागतात. चाहते चिडतात ते इथं.

कधी कधी नियमच मागाहून येतो. २०२४ च्या टूरमध्येच बातमी आली की काही टीम कार्बन मोनॉक्साइड हुंगण्याचं यंत्र वापरतात. उंचीवरच्या सरावाचा रक्तावर काय परिणाम झाला, ते मोजण्यासाठी, असं टीमचं म्हणणं. तेव्हा ते नियमात बसत होतं. मात्र हाच वायू वारंवार हुंगला तर रक्त वाढवताही येईल, ही भीती होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूसीआयनं वारंवार हुंगण्यावर बंदी घातली.

एक उपाय मात्र हाताशी आहे. १९९९ च्या टूरचे नमुने २००४ साली पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी पुन्हा उघडले गेले, आणि आर्मस्ट्राँगच्या नमुन्यांत ईपीओ सापडल्याचं लेकिप या दैनिकानं २००५ साली छापलं. तपासणी शिक्षेच्या रीतीनं झालेली नव्हती, म्हणून तेव्हा त्याला हात लागला नाही. आजच्या नियमांत जपलेला नमुना दहा वर्षांपर्यंत रीतसर पुन्हा तपासता येतो. तेव्हा वॉटचे हिशेब जरूर मांडा, पण त्याच दमात यूसीआयला विचारा: दरवर्षी जपलेल्यांपैकी किती नमुने पुन्हा उघडलेत, कोणत्या नव्या चाचणीनं, आणि काय निघालं?

नमस्कार.