डेन्व्हर २०११: टीबोला जमेल तेवढंच

२३ ऑक्टोबर २०११, मायामी. अमेरिकन फुटबॉलमधली डेन्व्हर ब्रॉन्कोज ही टीम १५-० ने मागे आहे आणि मॅचमध्ये तीन मिनिटं पण उरलेली नाहीत. त्यांचा नवा क्वार्टरबॅक टिम टीबो दिवसभर बॉल कुठे फेकतोय ते त्याचं त्यालाच माहीत, आणि मग अचानक दोन टचडाऊन (बॉल घेऊन समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचणं, सहा पॉइंट), टू पॉइंट कन्व्हर्जन (टचडाऊननंतरचे दोन जादा पॉइंट), ओव्हरटाईम, आणि मॅट प्रेटरची ५२ यार्डांवरून किक. १८-१५. ह्या सीझनबद्दलचा कुठलाही व्हिडिओ लावा, सुरुवात ह्याच मॅचपासून होते.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट पुढच्या रविवारी सुरू होते, ३० ऑक्टोबरला, जेव्हा डेट्रॉईट लायन्सनी डेन्व्हरमध्ये येऊन ब्रॉन्कोजना ४५-१० ने धुतलं. टीबोला सात वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकायच्या आधीच पाडलं, त्याचा एक पास पकडून शंभर यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला, आणि वर त्याची ती गुडघा टेकून प्रार्थना करायची सवय, तिची मैदानावरच नक्कल केली. बघवत नव्हतं खरंच. त्या रात्री कोचिंग स्टाफसमोर दोनच रस्ते होते, एक तर ह्या पोराला बसवायचं, नाहीतर सगळा ऑफेन्स, म्हणजे हल्ला करायची पद्धतच, उचलून बाजूला ठेवायचा आणि सीझनच्या मध्यात नवीन बांधायचा.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर परत चार मिळतात. प्रत्येक प्ले क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होतो, तो एक तर बॉल रनिंग बॅकला देतो किंवा पुढे पास करतो. एनएफएलमधे, म्हणजे तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगमधे, तेव्हा टीम एका मॅचला साधारण तीसच्या वर पास टाकायच्या, म्हणजे क्वार्टरबॅकचं मुख्य काम म्हणजे मागे सरकून दोन-अडीच सेकंदांत समोरचा अख्खा डिफेन्स वाचायचा आणि अचूक बॉल सोडायचा.

आणि टीबोला नेमकं हेच जमत नव्हतं. डावखुरा, फेकायच्या आधी बॉल पार कमरेपर्यंत खाली न्यायचा आणि मग वरून आणायचा, तेवढ्या वेळात डिफेन्डर पोचलेला असायचा. त्या वर्षी त्याचे निम्मेसुद्धा पास पोचले नाहीत, ४६.५ टक्के फक्त. कॉलेजात हा माणूस हिरो होता, फ्लोरिडाकडून २००७ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकलेला, पण तिथला ऑफेन्सच त्याच्या पळण्यावर उभा होता. २०१० मधे डेन्व्हरनी त्याला ड्राफ्टच्या (कॉलेजातले खेळाडू निवडायच्या प्रक्रियेच्या) पहिल्या राऊंडमधे घेतलं, ज्या कोचनी घेतलं त्याला त्याच सीझनमधे काढलं, आणि २०११ ला नवीन हेड कोच जॉन फॉक्स आला, वर फ्रंट ऑफिसमधे जॉन एलवे, म्हणजे डेन्व्हरचा स्वतःचा सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक. ह्या दोघांनी टीबोला निवडलेलं नव्हतं. पहिल्या पाच मॅचमधे काइल ऑर्टनबरोबर टीम १-४ झाली, लोक स्टेडियममधे टीबोच्या नावानी ओरडायला लागले, आणि मग तो आला.

ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्स आखणारा कोच, होता माईक मॅकॉय. माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात कमी कौतुक ज्याच्या वाट्याला आलं तो हा माणूस. कारण डेट्रॉईटनंतर त्याच्याकडे एक आठवडा होता, एकच, आणि त्या एका आठवड्यात त्यानी टीबोला काय येत नाही ते घासत बसण्यापेक्षा काय येतं त्याचा हिशोब मांडला. सहा फूट तीन इंच, शंभर किलोच्या वर वजन, सरळ अंगावर येणाऱ्या लाईनबॅकरला धडक देऊन चार यार्ड जास्त काढणारा, आणि दमत नाही. मग ह्याला रनर म्हणूनच वापरायचं.

६ नोव्हेंबर, ओकलंड. आता स्क्रीनवर हा प्ले नीट बघा, कारण पुढचे सगळे विजय ह्याच्यातूनच निघतात. टीबो शॉटगनमधे, म्हणजे लाईनपासून काही पावलं मागे, उभा आहे, शेजारी रनिंग बॅक विलिस मॅगेही. बॉल आला, आणि डेन्व्हरची लाईन सगळ्यांना ब्लॉक करते, फक्त एका डिफेन्सिव्ह एन्डला (समोरच्या लाईनच्या टोकाच्या माणसाला) मुद्दाम मोकळा सोडते. टीबो बॉल मॅगेहीच्या पोटाशी धरतो पण सोडत नाही, त्याची नजर त्या मोकळ्या माणसावर असते. कबड्डीत रेडर कोपऱ्यातल्या गड्याच्या पायाकडे बघून ठरवतो ना कुठे शिरायचं, तसंच. तो एन्ड मॅगेहीच्या मागे वळला की टीबो बॉल काढून घेतो आणि त्यानी सोडलेल्या जागेतून बाहेरून पळतो, तो जागेवर थांबला तर बॉल मॅगेहीकडे आणि मॅगेही मधून. म्हणजे एका माणसाला हात न लावता त्याला खेळातून बाद केलं, तोच ब्लॉकर दुसऱ्या कुणावर तरी वापरता आला. एरवी क्वार्टरबॅक हॅन्डऑफ देऊन बाजूला उभा राहतो आणि रन करताना टीम अकराविरुद्ध दहाच राहते, इथे तो हिशोब बरोबरीत येतो. आणि टीबोसाठी अजून एक गोष्ट, अख्खा डिफेन्स वाचायचा नाही, एकच माणूस वाचायचा.

ह्यालाच रीड ऑप्शन म्हणतात. कॉलेजमधे सर्रास चालायचा, पण एनएफएलमधे हा कुणी मुख्य ऑफेन्स म्हणून चालवत नव्हतं, कारण कोट्यवधींच्या क्वार्टरबॅकला रोज पंधरा-वीस धडका कोण खाऊ देणार. डेन्व्हरनी दिल्या. त्या दिवशी मॅगेही १६३ यार्ड, टीबो ११८, टीमचे मिळून २९९ यार्ड नुसते पळून. ३८-२४.

पुढच्या रविवारी कॅन्सस सिटीत तर कमालच झाली. मॅगेही जखमी, दुसरा बॅक नोशॉन मोरेनो पण जखमी, तरी मॅकॉय मागे हटला नाही, तिसऱ्या नंबरच्या लान्स बॉलला तीस वेळा बॉल दिला. एकूण ५५ रन. पास किती? आठ. त्यातले पोचले दोन. दोनच! पण त्यातला एक एरिक डेकरला ५६ यार्डांचा टचडाऊन होता, आणि तो लागला कारण पळून पळून डिफेन्सचे मागचे लोक सुद्धा पुढे ओढले गेले होते. १७-१० जिंकले. फॉक्सनी त्याच सुमारास एका इंटरव्ह्यूत सरळ कबूल केलं की नेहमीचा ऑफेन्स चालवायला लावला असता तर ह्या पोराचं काही खरं नव्हतं.

लोकांना हे चमत्कार वाटले पण त्याच्या मागचं गणित समजून घ्या. सतत रन केला की घड्याळ थांबत नाही, दोन्ही टीमना बॉल कमी वेळा मिळतो, स्कोअर कमी राहतो, आणि स्कोअर कमी राहिला की शेवटच्या पाच मिनिटांत तुम्ही कायम एका प्लेच्या अंतरावर असता. डिफेन्स त्याला साथ देत होता, रूकी व्हॉन मिलर, एल्व्हिस ड्युमरव्हिल, अनुभवी चॅम्प बेली. रिसीव्हर लोक, ज्यांचं नाव पास पकडून होतं, ते मुकाट्यानी ब्लॉकिंग करत होते. जेट्सविरुद्ध १७ नोव्हेंबरला शेवटचा ९५ यार्डांचा ड्राईव्ह, एक मिनिटापेक्षा कमी राहिलेला, जेट्स टीबोवर धावून आले आणि तो बाहेरून वीस यार्ड पळत टचडाऊनला. ११ डिसेंबरला शिकागोविरुद्ध तर प्रेटरनी शेवटच्या सेकंदांत ५९ यार्डांवरून बरोबरी केली आणि ओव्हरटाईममधे ५१ वरून जिंकवलं, डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहे, विरळ हवेत बॉल लांब जातो, त्याचाही वापर झालाच. सलग सहा विजय.

मग तोच ऑफेन्स फाटला पण, आणि कुठे फाटला ते सांगायलाच पाहिजे. १८ डिसेंबरला न्यू इंग्लंडविरुद्ध सुरुवातीला पळून पळून १६-७ ची लीड घेतली, मग बॉल हातातून सुटत गेला, मागे पडले, आणि मागे पडल्यावर पास टाकावे लागतात. ४१-२३. बफेलोत ४०-१४. शेवटच्या मॅचला घरी ७-३ ने हरले, आणि समोर क्वार्टरबॅक कोण, तर डेन्व्हरनीच सोडलेला काइल ऑर्टन. ८-८ वर संपले, डिव्हिजनमधे तीन टीम ८-८ होत्या, टायब्रेकरवर हे प्लेऑफला गेले. पण पूर्ण लीगमधे सगळ्यात जास्त रशिंग यार्ड ह्यांचे.

८ जानेवारी २०१२, समोर पिट्सबर्ग स्टीलर्स, त्या सीझनचा लीगमधला सगळ्यात कंजूष डिफेन्स. त्यांनी ठरवलं टीबोला पळू द्यायचं नाही, फेकू दे काय फेकायचं ते, सेफ्टी, म्हणजे डिफेन्सचे सगळ्यात मागचे लोक, पुढे आणून ठेवले. आणि मॅकॉयनी हेच तर दोन महिने शिजवत ठेवलं होतं. २३-२३, ओव्हरटाईमचा पहिलाच प्ले, खोटा हॅन्डऑफ, सेफ्टी रन समजून पुढे आला, मागे मैदान रिकामं, आणि टीबोनी मधून तिरपा कापणाऱ्या डिमेरियस थॉमसला पळता पळता बॉल दिला. ८० यार्ड. ११ सेकंदांत मॅच खलास. दहाच पास पोचले त्या दिवशी, पण ३१६ यार्ड.

पुढच्या शनिवारी न्यू इंग्लंडनी ४५-१० ने बाहेर काढलं. मार्चमधे एलवेनी पेटन मॅनिंगला आणलं, टीबोला जेट्सकडे पाठवलं. मॅनिंग तेव्हा मानेच्या ऑपरेशनमुळे पूर्ण सीझन घरी बसलेला, हातात पूर्वीचा जोर नाही, पळणं तर त्याच्या खात्यात कधीच नव्हतं. मॅकॉयनी रीड ऑप्शन गुंडाळला आणि ह्या नव्या माणसासाठी नवीन ऑफेन्स बांधला, लाईनवरच प्ले बदलायची मोकळीक, नो हडल (दोन प्लेच्या मधे गोळा होऊन बोलणं नाही), बॉल पटापट हातातून बाहेर. १३-३. आणि जानेवारी २०१३ मधे सॅन डिएगोनी मॅकॉयला हेड कोच करून नेलं.